मदत हवी आहे: घरी बांधलेल्या गाडीचं स्टिअरिंग स्पीडब्रेकरवर हिसका मारतंय

मळेकरी
दीड वर्ष खपून एमजी टीसी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीवर दोन सीटची उघडी गाडी बांधतोय. चासी मी केली. इंजिन, गिअर आणि मागचा ॲक्सल ओम्नीचा. पुढचा ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग) आणि स्टिअरिंग बॉक्स टू-व्हील-ड्राइव्ह जीपचा. गाडी हलकी म्हणून पाट्यांची दोन-दोन पानं काढली. वीसच्या वेगाला मस्त चालते. स्पीडब्रेकरवर चढली की स्टिअरिंग उजवीकडे हिसका मारतं, आणि चाळीस-पंचेचाळीसला पुढची चाकं थरथरायला लागतात, ती गाडी थांबेपर्यंत. टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असतात ते) ३ मिमी, बॉल जॉइंट नवे. दिवाळीला वडिलांना घेऊन पहिली फेरी मारायची आहे. नेमकं काय बदलू? लवकर सांगा.

खटपट्या
जीपचा बॉक्स काढून फेका. मारुती ८०० चा रॅक लावा. मी माझ्या बग्गीला लावलाय, हात लावला की वळते.

जुनी_जीप
खटपट्या, तुमच्या बग्गीला पुढे अख्खा ॲक्सल आहे की दोन्ही चाकं सुटी? रॅक चासीवर पक्का आणि ॲक्सल पाट्यांवर वर-खाली होणार असेल तर दर खड्ड्याला टाय रॉड (स्टिअरिंगचा आडवा दांडा) चाक ओढणार. नको ते सुचवू नका.
मळेकरी, फोटो टाका. बॉक्स ॲक्सलच्या पुढे आहे की मागे? ड्रॅग लिंक (बॉक्सपासून चाकाच्या आर्मपर्यंतचा दांडा) लांबीत जाते की आडवी? शॅकल (पाट्याचं सरकतं टोक धरणारा दुवा) कुठल्या टोकाला? कॅस्टर (चाक ज्या किंगपिनभोवती वळतं तिचा मागे कल) किती?

खटपट्या
चाकं सुटी आहेत. पण रॅक तो रॅक. चालतोय ना?

पासिंगवाला
दादा, आधी नोंदणीचं बघा. नव्याने बांधलेल्या गाडीला नियम १२६ प्रमाणे नमुना तपासणी लागते, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून. २०२१ चे व्हिंटेज नियम आहेत, पण ते ५० वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. जुन्या रूपाची नवी गाडी त्यात बसत नाही.

मळेकरी
पासिंगवाला, गाडी मळ्यातल्या रस्त्यावरच फिरणार आहे, ते मी विचारलेलं नाही.
जुनी_जीप, बॉक्स मागे, ड्रॅग लिंक लांबीत, उजव्या चाकाच्या आर्मला. ड्रॉप आर्मचं (बॉक्समधून निघणाऱ्या आर्मचं) टोक वर आहे, लिंक पुढे उतरते. कॅस्टर मोजला नाही, ॲक्सल आहे तसाच लावलाय.

सायकलराणी
तारांची चाकं लावलीत का? माझ्या मामांच्या जुन्या गाडीला तशीच थरथर होती. तारा एकसारख्या ताणून घेतल्या आणि गेली. आधी चाक बघा, बाकीचं नंतर.

मळेकरी
जीपचीच पत्र्याची चाकं आहेत, बॅलन्स केलेली.

जुनी_जीप
शॅकलचं राहिलं.

मळेकरी
शॅकल मागे. टीसीचे पाटे पुढे पिनवर पक्के आणि मागे सरकते असतात. माझ्या गाडीचं नाक तसंच दिसायला हवं होतं, म्हणून जीपचे पाटे उलटे फिरवले. मागे पाच इंची शॅकल स्वतः करून लावले, गाडीचा पुढचा भाग थोडा वर राहावा म्हणून.

जुनी_जीप
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं! जुन्या विलीज जीपच्या काळापासून जीपच्या पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढे असतं, ते उगाच नाही. पाटा दबला की सरळ होतो, लांब होतो. मागचं टोक पक्कं असेल तर ॲक्सल पुढे सरकतो. तुमची ड्रॅग लिंकही पुढे उतरती आहे, ॲक्सल वर आला की तिचं टोकही पुढेच जातं. दोघं बरोबर चालतात, म्हणून स्टिअरिंग शांत. तुम्ही पाटा उलटा केल्यावर ॲक्सल मागे जातो आणि लिंक आर्मला पुढे ढकलते. चाक उजवीकडे वळणारच. टीसीचं दिसणं आणि जीपची लिंक एका गाडीत नांदत नाहीत.
खात्री करा: स्टिअरिंग दोरीने घट्ट बांधा, दोन माणसं चासीच्या पुढच्या टोकावर उभी करा आणि चाकाकडे बघा. वळलं तर उत्तर मिळालं.

उद्यमनगरकर
जुनी_जीप काकांचं बरोबर आहे, पण थरथरीचं कारण दुसरं. शॅकल पाच इंची म्हणजे पाट्याचं मागचं टोक खाली गेलं, ॲक्सल मागे कलला, कॅस्टर वाढला. किंगपिनच्या माथ्यावर कोनमापी ठेवून मोजा. जुन्या जीपचा कॅस्टर ३ अंश असायचा.

खटपट्या
कॅस्टर वाढला की गाडी सरळ धावते, हे पोराला पण माहीत आहे. थरथरीला कॅस्टर वाढवा.

उद्यमनगरकर
एका मर्यादेपर्यंत. सुरुवातीच्या टीसीलाच ८ अंश होता, नंतर कारखान्याने साडेपाचवर आणला, आणि जुन्या टीसीवाले अडीच अंशांची फाचर घालून तेच करतात. अख्ख्या ॲक्सलला जास्त कॅस्टर दिला की चाकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झेपावतात, स्टिअरिंगही जड होतं.

मळेकरी
साडेनऊ अंश. दोनदा मोजला. आणि चासीवर दोन भाऊ उभे केले, चाक स्पष्ट वळलं.
जड व्हायचं म्हणता, ते खरं आहे. फार जड होतं म्हणून तर उजवा स्टिअरिंग आर्म कापून मध्ये तुकडा घालून दीड इंच लांब केलाय. वेल्डिंग चांगलं जाड मारलंय.

जुनी_जीप
गाडी आजपासून जागची हलवू नका. विनंती नाही, सांगतोय.

उद्यमनगरकर
हात जोडून सांगतो, तो आर्म काढा. तो घडाईचा, मध्यम कार्बनचा पोलादी भाग असतो. आधी तापवल्याशिवाय आणि हळू थंड केल्याशिवाय वेल्ड मारला की टाक्याच्या शेजारची पट्टी काचेसारखी कडक होते. वरून टाका सुंदर दिसतो आणि तडा तिथेच, टाक्याच्या कडेला जातो. ब्रेक गेला तर गिअर आहे, हँडब्रेक आहे. हा आर्म गेला तर हातात काहीच उरत नाही, आणि शेजारी तुमचे वडील बसलेले असणार.

खटपट्या
मी बग्गीला दोन आर्म वेल्ड केलेत, तीन वर्षं झाली, काही झालं नाही.

उद्यमनगरकर
मग उद्याच लाल रंगाची डाय टेस्ट करून घ्या. वर आलेला तडा तरी दिसेल, आतला दिसणार नाही.

खटपट्या
बरं. करून घेतो.

सायकलराणी
नवा आर्म लांबच करायचा असेल तर कशाचा करतात? आमच्याकडे शेतीच्या अवजारांना हे उपयोगी पडेल.

उद्यमनगरकर
लांब करायची गरजच नाही, कॅस्टर जागेवर आला की स्टिअरिंग हलकं होईल. करायचाच तर ईएन १९ पोलादाच्या अख्ख्या तुकड्यातून, जोड नाही. टेपरचं (निमुळतं) भोक नुसतं ड्रिलने नाही, त्या बॉल जॉइंटच्या रीमरने. पिन पूर्ण लांबीत बसते का ते निळा रंग लावून बघायचं. नट खाचेचा, स्प्लिट पिनसकट. आणि त्यावर क्रोम चढवायचा मोह नको, हायड्रोजन शिरून कडक पोलाद ठिसूळ होतं.

मळेकरी
सहा दिवसांनी लिहितोय. वेल्डचा आर्म काढला आणि चुकून कुणी परत लावू नये म्हणून कापला. जीपचा मूळ आर्म एका भंगारवाल्याकडे मिळाला, तो डाय टेस्टला दिलाय. पाटे परत जीपसारखे लावले, शॅकल मूळ मापाचे. नाक हवं तसं दिसत नाही, त्याचं वाईट वाटतंय. कॅस्टर साडेचार आला. आर्म टेस्टला देण्याआधी लिंक तात्पुरती जोडून भाऊ पुन्हा चासीवर उभे केले, चाक जेमतेम हललं. आर्म आल्याशिवाय चालवणार नाही. वडिलांना दिवाळीचं नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, घाई कुणाला आहे.
पण जॅकवर चाक वर-खाली हलवलं तर उजवीकडे थोडा प्ले लागतोय.

जुनी_जीप
एकाला ब्रेक दाबायला बसवा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिनचे बुश. आणि शॅकल पुढे असलं तरी टीसीसारखं नाक झाकता येईल, पुढे पत्र्याचं छोटं आवरण करा. फोटो टाका, माप सांगतो.