सम्राटाचं डोकं आणि गावची देवी

रोमन साम्राज्याच्या प्रांतांतली नाणी म्हणजे रोमने वरून लादलेला प्रचार, असं म्हटलं जातं; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. आशिया मायनरमधली (आजच्या तुर्कस्तानातली) कितीतरी शहरं स्वतःच ब्राँझची नाणी पाडत. एका बाजूला सम्राटाचं डोकं, दुसऱ्या बाजूला गावची देवी, नदी, देऊळ. अक्षरं बहुधा ग्रीक. इफेसस, स्मर्ना, पर्गॅमम या तिथल्या शहरांत तर सम्राटपूजेच्या देवळांवरून चुरस. ‘निओकोरोस’ (अशा देवळाचं राखणदार शहर) ही पदवी कितव्यांदा मिळाली तेही नाण्यावर मिरवायचं! (आपली फ्लेक्सबाजी आठवते.) खुशामत खरीच, पण त्यात गावचा तोराही आहे.

रोमची दमदाटी पाहायची तर ज्यूंच्या यहूदिया प्रांतात. आधीच्या रोमन सुभेदारांच्या नाण्यांवर मुख्यतः कणसं, खजूर, वेली असली निरुपद्रवी चित्रं. सुभेदार पाँटियस पिलातनं मात्र इ.स. 29 ते 32 च्या दरम्यान रोमन धर्मविधीतली पळी आणि पुरोहिताची वाकडी काठी, ही ज्यूंना परकी चिन्हं नाण्यांवर आणली. पुढे सम्राट हेड्रियनच्या काळात, 132 ते 135 मध्ये, बार कोखबा या ज्यू पुढाऱ्याच्या बंडखोरांनी चलनातलीच नाणी घेऊन त्यांवर जेरुसलेमच्या मंदिराचं चित्र आणि हिब्रू अक्षरं ठोकली. काहींवर खालच्या सम्राटाच्या खुणा अजून दिसतात.

असंच आपल्याकडेही झालं: नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906 साली सापडलेला नाण्यांचा साठा आठवा. 13 हजारांवर नाणी नहपान या क्षत्रप राजाची, त्यांतल्या 9 हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा. क्षत्रपाचा चेहरा मात्र पुरता पुसला गेलेला नाही.