वडिलांची विडी सुटावी म्हणून समुपदेशन

प्रश्न: माझे वडील तीस वर्षे विडी ओढतात आणि धोके सांगितले की चिडतात. प्रेरणात्मक समुपदेशनात वेगळे काय असते?

उत्तर १: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली दारूच्या व्यसनासंदर्भात मांडलेल्या या पद्धतीत समुपदेशक उपदेश करत नाही, तर विडीतून काय मिळते आणि ती का सोडावीशी वाटते हे त्या व्यक्तीकडूनच वदवून घेतो, कारण स्वतः उच्चारलेले कारण अधिक पटते.

उत्तर २: सोडण्याची तयारी दहापैकी किती, असे त्यांना शांतपणे विचारा. ते ‘चार’ म्हणाले, तर ‘दोन का नाही?’ असे विचारावे, म्हणजे ते सोडण्याची कारणे सांगू लागतील; ‘आठ का नाही?’ असे विचारल्यास केवळ अडचणीच ऐकाव्या लागतात.

उत्तर ३: १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशन मिळते, मात्र फोन त्यांनी स्वेच्छेने करावा.