सँक्शन म्हणजे मंजुरी की बंदी? उलट्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर गप्पा

धागाकर्ती:

गेल्या रविवारी बारावीतला भाचा पेपर वाचता वाचता म्हणाला, "मावशी, रशियाला एवढी सँक्शन्स मिळाली, मग ते चिडलेत कशाला?" प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता. त्याच घरात दोन महिन्यांपूर्वी गृहकर्ज 'सँक्शन' झालं म्हणून पेढे वाटले होते. त्यामुळे त्याच्या लेखी सँक्शन म्हणजे पेढे.

आधी हसले, मग समजावायला बसले आणि अडकले. शब्दकोशात मंजुरी आणि निर्बंध हे दोन्ही अर्थ एकाखाली एक, शेजारधर्म पाळून बसलेले. मुळाशी गेल्यावर थोडा उलगडा झाला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ विधिवत घालून दिलेला नियम, पवित्र ठरवलेला हुकूम. 'सेंट' म्हणजे संत, तोही याच कुळातला. आता हुकूम म्हटला की त्याला दोन टोकं आली: काय करायला मुभा आहे, आणि मोडलंत तर काय भोगावं लागेल. एका टोकातून मंजुरी निघाली, दुसऱ्यातून शिक्षा. 1935 मध्ये इटलीने ॲबिसिनियावर, म्हणजे आजच्या इथिओपियावर, हल्ला केला तेव्हा राष्ट्रसंघाने (लीग ऑफ नेशन्स, आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीची संघटना) इटलीवर आर्थिक सँक्शन्स लादली होती. आज बातम्यांत येतो तो अर्थ याच वळणाचा.

ओळखायचं कसं? मी भाच्याला सांगितलं, शब्दाकडे बघू नकोस, शेजाऱ्यांकडे बघ. सोबत 'लोन', 'प्लॅन', 'पोस्ट', 'लेटर' असेल तर मंजुरी. अनेकवचन असेल, पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' असेल, मागे 'इंपोज' किंवा 'लिफ्ट' असेल तर निर्बंध. तरी फसगत होतेच. 'सँक्शन्ड लोन' म्हणजे मंजूर कर्ज, पण 'सँक्शन्ड बँक' म्हटलं तर बहुतेक वेळा जिच्यावर निर्बंध आलेत अशी बँक.

त्याला हे पटेना. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ, हे काय लोकांचं डोकं आहे, म्हणाला. म्हटलं, "तू परवा आलास ना?" "हो." "आणि परवा परत जाणार?" "हो." मग स्वतःच गप्प झाला.

अजून असे शब्द कुणाला आठवतात?

प्रतिसाद:

बँकेत तीस वर्षं काढली म्हणून एक सांगतो. सँक्शन झालं म्हणजे पैसे मिळाले असं नव्हे. पैसे हातात येतात ते डिसबर्समेंट. मधे कागदपत्रं, सर्च रिपोर्ट, गहाणखत असं बरंच काही असतं. पेढे डिसबर्समेंटला वाटावेत.

प्रतिसाद:

कायद्याच्या पहिल्या वर्षाला जॉन ऑस्टिन या इंग्रज कायदेतज्ज्ञाचा सिद्धांत शिकवतात. कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची आज्ञा, आणि आज्ञा मोडली तर होणारी शिक्षा म्हणजे सँक्शन. आमच्या वर्गात निम्म्या पोरांनी ते 'मंजुरी' असंच वाचलं होतं आणि अख्खं प्रकरण डोक्यावरून गेलं होतं. त्यात मीही होतो.

प्रतिसाद:

'ओव्हरसाइट' घ्या. आमच्या सोसायटीत लिफ्टचं काम निघालं होतं. सेक्रेटरींनी मोठ्या हौसेने इंग्रजीत नोटीस लावली: "द वर्क वॉज डन ड्यू टू कमिटीज ओव्हरसाइट." त्यांना म्हणायचं होतं, समितीच्या देखरेखीखाली काम झालं. वाचणाऱ्यांनी वाचलं, समितीच्या नजरचुकीमुळे झालं. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे काका खर्चाचा हिशोब मागायला दारात उभे!

धागाकर्ती:

काका, नमुना एक नंबर आहे. नोटिशीत 'ड्यू टू'ऐवजी 'अंडर' असतं तर वाद झालाच नसता. 'अंडर द ओव्हरसाइट ऑफ' म्हणजे देखरेख. 'ॲन ओव्हरसाइट', आधी 'ॲन' लावून एक वस्तू असल्यासारखं वापरलं की नजरचूक. क्रियापदांत मात्र इंग्रजीने वाटणी करून टाकली आहे: 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणं, 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं किंवा काणाडोळा करणं. आणि हॉटेलवाले 'सी ओव्हरलुकिंग रूम' म्हणतात तेव्हा समुद्राकडे दुर्लक्ष करणारी खोली नव्हे, खिडकीतून समुद्र दिसणारी. वरून बघणं हा मूळ अर्थ. वरून बघताना नीटही दिसतं, निसटूनही जातं.

प्रतिसाद:

परवावरून आठवलं, आपलं 'वाढणं' काय कमी आहे? पानात भात वाढतो, मुलं वाढतात, आणि बांगडी वाढली म्हणजे फुटली. नारळही फोडत नाही, वाढवतो. आजी निघताना 'जाते' म्हणायची नाही, 'येते' म्हणायची. अशुभ तोंडून काढायचं नाही म्हणून उलटं बोलायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजांना मात्र आपण लगेच वेड्यात काढतो.

प्रतिसाद:

मी इंग्रजी शिकवते, आठवी ते दहावी. माझ्याकडचं वाक्य: "द अलार्म वेंट ऑफ ॲट फाइव्ह." दरवर्षी वर्गातली बरीच मुलं भाषांतर करतात, "पाच वाजता गजर बंद पडला." त्यांचं चुकतं असं तरी कसं म्हणू? 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, हे त्यांनी नुकतंच पाठ केलेलं असतं. अलार्म गेला की तो वाजतो, दिवे गेले की अंधार. हे सोप्यात कसं सांगावं?

धागाकर्ती:

ताई, या 'गो ऑफ'ने मलाही बरीच वर्षं छळलंय. बॉम्ब गो ऑफ होतो म्हणजे फुटतो. बंदूक गो ऑफ होते म्हणजे गोळी सुटते. ब्रिटिशांकडे दूध गो ऑफ होतं म्हणजे नासतं. कार्यक्रम 'वेंट ऑफ वेल' म्हणजे छान पार पडला. आणि 'आय हॅव गॉन ऑफ कॉफी' म्हणजे कॉफीवरून मन उडालं.

मला मार्ग सापडला तो मराठीतच. 'सुटणं' हे क्रियापद घ्या. शाळा सुटली म्हणजे संपली. वारा सुटला म्हणजे सुरू झाला. गाडी सुटली म्हणजे निघाली, पण 'माझी गाडी सुटली' म्हणजे मी स्टेशनवर बॅग घेऊन उभी. नोकरी सुटली, घाम सुटला, कोडं सुटलं. यातलं काय सुरू झालं आणि काय संपलं हे आपण कधी मोजायला बसतो का? सगळ्यांत एकच चित्र आहे: जे कशाने तरी धरून ठेवलं होतं, ते मोकळं झालं. दाबलेला वारा मोकळा झाला की वाहतो, कोंडलेली मुलं मोकळी झाली की शाळा संपते.

'ऑफ'लाही हेच चित्र लावून बघा. चावी दिलेल्या घड्याळाची दाबून ठेवलेली स्प्रिंग सुटली, की घंटा वाजली. दिव्याचा विजेशी धरलेला हात सुटला, की अंधार झाला. शास्त्रीय व्युत्पत्ती म्हणून हे सांगत नाही, पण वर्गात फळ्यावर 'सुटणं' लिहून पाहा. माझ्या भाच्याला दहा मिनिटांत कळलं, आणि मग त्याने स्वतःहून 'पे ऑफ' आणि 'टेक ऑफ' त्या चित्रात बसवले. कर्जातून सुटणं आणि जमिनीवरून सुटणं. 'शो ऑफ' काही बसला नाही, तो सोडून दिला.

पाठ करायचं असेल तर सुटा 'गो ऑफ' करू नका, 'अलार्म'सकट करा.

प्रतिसाद:

न्यू जर्सीहून. इथे नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मीटिंगमध्ये माझ्या मुद्द्यावर साहेब म्हणाला, "लेट्स टेबल धिस." मी खूश. लॅपटॉप उघडला, घसा साफ केला, आणि तो पुढच्या विषयाकडे वळला. अमेरिकेत टेबल करणं म्हणजे बाजूला ठेवणं, तूर्त नको. ब्रिटनमध्ये बरोबर उलट: चर्चेला घेणं.

धागाकर्ती:

दादा, तुम्ही एकटे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकाऱ्यांचं याच शब्दावरून लांबलचक भांडण झालं होतं. चर्चिलने युद्धाच्या आठवणींत ते नोंदवलं आहे. ब्रिटिशांना एक कागद तातडीने चर्चेला घ्यायचा होता म्हणून ते टेबल करू म्हणत होते. अमेरिकनांनाही तो तातडीचाच वाटत होता, म्हणून ते टेबल करायला कडाडून विरोध करत होते. एकमत होतं, आणि त्याच एकमतावर वाद चालला होता.

आपल्याला खरं तर ब्रिटिश अर्थ लक्षात ठेवायला कष्ट नकोत. विधानसभेच्या बातम्यांत 'अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला' असं वाचतो ना, ते पटल म्हणजे हेच टेबल.

प्रतिसाद:

थोडं विषयांतर. आमच्या ऑफिसातल्या परदेशी सहकाऱ्याला मी म्हटलं, "आय हॅव अ डाउट अबाउट युवर रिपोर्ट." त्याचा चेहरा पडला. मला फक्त एक आकडा विचारायचा होता.

धागाकर्ती:

दोष आपल्या 'शंके'चा. मराठीत शंका विचारतातही आणि घेतातही. 'सर, एक शंका आहे' आणि 'मला त्याच्यावर शंका आहे' यांत आपण एकच शब्द चालवतो. इंग्रजी 'डाउट' आपल्याकडे दोन्ही कामं करतो, पण बाहेर तो मुख्यतः दुसरं काम करतो: विश्वास नसणं. तिथे 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. 'रिव्हर्ट'चंही तसंच. 'प्लीज रिव्हर्ट' म्हणजे उत्तर द्या, हे आपल्याकडच्या ईमेलमध्ये सगळ्यांना कळतं, पण तिकडे रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. दुरुस्त केलेली फाइल पाठवून खाली 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंत तर समोरचा केलेल्या दुरुस्त्या पुसायला बसेल. मी हा शब्द वर्ज्य केला आहे. ज्यांना तो आपलाच इंग्रजी शब्द म्हणून ठेवायचा आहे त्यांच्याशी भांडणार नाही.

प्रतिसाद:

शब्द सरळ पण वजन उलटं, असंही असतं. फौजेत होतो तेव्हा ऐकलेला किस्सा. एप्रिल 1951, कोरियन युद्ध, इमजिन नदी. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची बटालियन टेकडीवर चिनी फौजेच्या वेढ्यात अडकली होती. ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडींनी अमेरिकन वरिष्ठांना कळवलं, "थिंग्ज आर अ बिट स्टिकी." ब्रिटिश माणसाच्या तोंडी याचा अर्थ, आम्ही मेलो. अमेरिकन जनरलला वाटलं, जरा अवघड आहे पण निभावतंय. मदतही वेळेवर पोचली नाही, माघारीचा हुकूमही नाही. बटालियनमधले मोजकेच सुटले, बाकी बहुतेक कैदेत गेले.

धागाकर्ती:

काका, हे वाचून अंगावर काटा आला. 'क्वाइट गुड'चंही असंच. अमेरिकन म्हणाला तर खूश व्हा, ब्रिटिश म्हणाला तर 'ठीक आहे, बरं आहे' एवढंच समजा. आपल्या पुण्याकडच्या 'बरं झालंय'सारखं. स्वयंपाकाला कुणी 'बरा झालाय' म्हटलं की बाईने ओळखायचं.

प्रतिसाद:

शेवटचा माझा. 'बायवीकली मीटिंग' असं कॅलेंडरवर आलं आहे. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा?

धागाकर्ती:

दोन्ही. शब्दकोशांनी हात टेकले आहेत. 'ट्वाइस अ वीक' किंवा 'एव्हरी टू वीक्स' असं सरळ लिहायला सांगा. मराठीत आपल्याकडे 'पाक्षिक' आहे, 'पंधरवडा' आहे, भानगडच नाही. ब्रिटिश 'फोर्टनाइट' म्हणतात, चौदा रात्री. आपण पंधरा मोजतो, ते चौदा.

प्रतिसाद:

न्यू जर्सीवाला परत. इथे ऑफिसात 'फोर्टनाइटली' लिहून पाहिलं. शेजारच्या टेबलावरच्या पोराने विचारलं, "तुम्हीही खेळता?" त्याला तो 'फोर्टनाइट' नावाचा व्हिडिओ गेम वाटला.