कूलरवर गांधीलमाश्यांची रांग, पाणी भरायचं कसं? (मदत हवी आहे)

छज्जेवाली (१४ मे, दुपारी ३:४०)

नमस्कार मंडळी. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, जुन्या दगडी घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहतो. सध्या पारा ४४-४५ वर आहे. धुतलेला टॉवेल दोरीवर टाकून चहा होईपर्यंत वाळतो. घरातल्या सगळ्यांचा जीव खसच्या (वाळ्याच्या) टट्ट्यांच्या एका कूलरवर आहे, आणि त्या कूलरचा ताबा तीन आठवड्यांपासून गांधीलमाश्यांकडे आहे. (इथे सगळे ततैया म्हणतात. माझा मुलगाही "आई, ततैया!" असंच ओरडतो.)

सकाळी नऊच्या सुमाराला येऊ लागतात, दुपारी कहर. काल मोजल्या तर एका वेळी अकरा होत्या. टाकीचं झाकण उचललं की दोन-तीन पाण्यावर पाय पसरून आरामात बसलेल्या असतात. बुडत कशा नाहीत कोण जाणे. परवा पाइप घालताना एक मनगटावर डसली, हात कोपरापर्यंत सुजला, दोन दिवस बांगडी निघेना.

पोळं सापडलंय. छज्ज्याच्या पटियाखाली (दगडी फरशीखाली), तळहाताएवढं, राखाडी, उलट्या छत्रीसारखं एका देठावर लोंबतंय. कूलरपासून जेमतेम आठ फूट.

घरात मतं तीन. नवरा म्हणतो स्प्रे मारू. शेजारचे भाईसाहेब काठीला रॉकेलचा बोळा बांधून तयारच आहेत. आणि सासूबाई म्हणतात, पाण्याला आलेल्या जिवाला मारायचं नाही. त्यांचा चिमण्यांचा सकोरा (पाण्याचं मातीचं भांडं) गच्चीवर असतो, तिथेही या येतात.

उन्हातच एवढ्या का येतात? पावसाळ्यात कूलरवर पाहिल्याचं आठवत नाही. आणि पोळं काढलं तर येणं थांबेल का? २५ तारखेला, म्हणजे ऐन नवतप्यात (इथले सगळ्यात तापलेले नऊ दिवस), नणंद चार वर्षांच्या मुलाला घेऊन येतेय, म्हणून घाई.

खंडेरावमार्केट (४:०५)

आधी नीट बघा कुठली आहे. पिवळी, सडपातळ, उडताना मागचे पाय लोंबणारी? की मोठी, तांबूस-तपकिरी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली? दोघींना ततैयाच म्हणतात, पण दोघींशी वागायचं वेगवेगळं. आमच्याकडे बडोद्यात पिवळ्याच जास्त.

अण्णा_६१ (४:३०)

डसलं की लोखंडाची किल्ली घासायची आणि वर चुना. आमच्या आजीचा उपाय, कधी चुकला नाही.

छज्जेवाली (४:५०)

पिवळी, पाय लोंबणारी. अण्णा, किल्ली घासून झाली. किल्ली थंड होती तेवढं बरं वाटलं.

कीटकवेडा (रात्री ९:२०)

ताई, पिवळी असेल तर ती कागदमाशी. तुमच्या कूलरवर येतेय ती स्वतःचा कूलर चालवायला.

थट्टा नाही. पोळ्याच्या प्रत्येक घरात अंडं नाहीतर अळी असते, आणि अळीला हलता येत नाही. दगडाचा छज्जा दिवसभर तापतो. आत फार तापलं की पिल्लं मरतात. म्हणून कामकरी माश्या पोटात पाणी भरून नेतात, घरांच्या कडांवर थेंब थेंब ठेवतात आणि वर उभ्या राहून पंख हलवतात. पाणी उडतं, पोळं निवतं. ओली टट्टी आणि पंखा, तुमच्या खिडकीत आहे तेच यंत्र. आणि ते चालतं कोरड्या हवेत. पावसाळ्यात तुमचा कूलर निकामी होतो ना, चिकचिक नुसती? तेव्हा त्यांनाही पाणी वाहायची गरज उरत नाही, शिवाय प्यायला जिथे तिथे डबकी असतात. म्हणून पावसाळ्यात त्या कूलरवर दिसल्या नाहीत. पोळं तेव्हाही असतंच.

दुसरं, थंडीत या माद्या फटींमध्ये गपचूप बसून असतात. ऊन तापू लागलं की बाहेर पडून पोळं सुरू करतात. मेपर्यंत पहिल्या कामकरी हाताशी आलेल्या असतात आणि उष्णतेत अळ्या भरभर वाढतात. माणसं वाढलेली आणि पाणी आटलेलं, असं दोन्ही एकदम होतं. बाहेरची हिरवळ वाळली की शिकारीसाठी अळ्याही मिळत नाहीत. मग कुंड्या, मोरी, खरबुजाच्या साली, कूलर.

पोळं दिवसाढवळ्या पाडलंत तर बाहेर गेलेल्या परत येऊन तिथेच घिरट्या घालतील, चिडतील, नि शेजारच्या पटियाखाली नवं बांधतील. आणि एका वेळी अकरा म्हणजे सगळ्या एकाच पोळ्याच्या असतील असं नाही. एक काढून कूलर रिकामा होणार नाही.

उद्या दुपारी लांबून, खोलीच्या काचेतून, पोळ्याकडे दहा मिनिटं बघा. देठही बघा. मुंग्या येऊ नयेत म्हणून त्याला त्या एक द्रव फासतात, तो काळा चकचकीत दिसतो.

सरळ_बोलतो (९:४५)

एवढं प्रवचन कशाला? रात्री स्प्रे मारा, संपलं. पोरगं येतंय घरात.

कीटकवेडा (१०:१०)

मारू नका म्हटलं नाही मी, कूलरची गर्दी त्याने जाणार नाही एवढंच म्हटलं. आणि कूलरजवळ स्प्रे मारलात तर तोच वारा खोलीत येईल. रॉकेलचा बोळा तर विसराच. वाळल्या खसच्या टट्ट्या आणि विजेची वायर आठ फुटांवर असताना? भाईसाहेबांना आमरस द्या नि घरी पाठवा.

दवाखान्यातली (रात्री ११:००)

मी नर्स आहे, म्हणून एवढंच. डसल्यावर साबण-पाण्याने धुवा, बर्फ कपड्यात गुंडाळून लावा, अंगठ्या-बांगड्या सूज चढायच्या आत काढा. गांधीलमाशीचा काटा मधमाशीसारखा आत राहत नाही, त्यामुळे शोधत, खाजवत बसू नका. हो, आणि तीच माशी पुन्हा डसू शकते. पण तोंड-ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला, गरगरलं, तर किल्ली नाही, चुना नाही, थेट इस्पितळ. तिथे ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं आणि त्याला उशीर चालत नाही. तोंडात किंवा घशात डसली, किंवा एकदम बऱ्याच डसल्या, तरी तेच. लहान मुलाच्या बाबतीत तर वाटच बघू नका.

छज्जेवाली (१५ मे, दुपारी २:५५)

कीटकवेडा, बघितलं! मुलगा नि मी काचेला नाक लावून बसलो होतो. एक आली, पोळ्यावर चढली, तोंडाशी चकचकीत थेंब. तो घराच्या कडेला ठेवला, मग दुसरा. तेवढ्यात बाकीच्या दोघी-तिघी पोळं घट्ट धरून पंख फडफडवायला लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, इनका भी कूलर ऑन हो गया." सासूबाई मागून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत, पण नवऱ्याकडे असं पाहिलं की स्प्रेचा डबा माळ्यावर गेला.

आणखी एक. जुन्या देवडीच्या सागवानी चौकटीवर बारीक पांढुरक्या रेघा दिसायच्या, मला वाटायचं वाळवी. आज एक माशी तिथेच तोंडाने लाकूड खरवडताना दिसली. दुपारच्या शांततेत आवाज ऐकू येतो, खर्र-खर्र.

कीटकवेडा (३:२०)

तोच त्यांचा कागद. लाकूड चावून, लाळेत कालवून. चौकटीला काही होत नाही, तेलाचा हात मारलात की खरवडणं बंद.

आता कामाचं. १) कूलर रात्री दहानंतर किंवा पहाटे उजाडायच्या आत भरा, तेव्हा त्या पोळ्यावर असतात. २) टाकीच्या तोंडाला आणि खसच्या बाहेरून मच्छरदाणीची जाळी ताणून बांधा. जाळी खसला टेकता कामा नये, बोटभर अंतर हवं, नाहीतर जाळीतून पितील. ३) लगेच दुसरं पाणी द्या. पसरट मातीचं भांडं, त्यात खडे आणि ओलं गोणपाट. आधी कूलरजवळच ठेवा, मग रोज दोन-तीन हात लांब सरकवा. पाण्याची जागा त्यांना पाठ असते, एकदम गच्चीच्या टोकाला ठेवलंत तर सापडायची नाही.

दवाखान्यातली (३:४०)

भांडं रोज रिकामं करून घासा. कूलरची टाकीही आठवड्यातून एकदा कोरडी करा, डेंग्यूचे डास त्यातच होतात. आतल्या कडांना चिकटलेली अंडी नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

छज्जेवाली (१९ मे, सकाळी ८:१५)

जाळी लागली. भांडं रोज सरकतंय, काम मुलाकडे आहे, फूटपट्टीने मोजतो. कूलरवर काल दुपारी फक्त दोन.

पण आता वेगळीच भानगड. जिन्याखालच्या भिंतीत दोन दगडांमध्ये फट आहे, त्यातून मोठी तांबूस माशी ये-जा करते, पोटावर पिवळा पट्टा. फटीखाली मातीचे बारीक कण पडलेत, झाडले तरी दुपारी परत.

खंडेरावमार्केट (८:४०)

तिलाच हात लावायचा नाही, ताई. तांबडी गांधीलमाशी. फटीत, जमिनीत पोळं करते आणि माती उकरून बाहेर टाकते.

कीटकवेडा (९:१०)

सहमत. आणि तिला ऊन बाधत नाही. बाकीचे किडे दुपारी सावली धरतात, ही भर दुपारी खोदकाम करते. तेल अविव विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की तिच्या पिवळ्या पट्ट्यातलं रंगद्रव्य आणि तपकिरी कातडी ऊन शोषून घेते आणि त्यातून थोडी वीजही तयार होते. तुमच्या छज्ज्यावरच्या बिचाऱ्या पाणी वाहून थकतात, नि ही उन्हावर चालते! वाचायला मजा, जिन्याखाली नको. फट लिंपू नका, आतल्या दुसरीकडून, कदाचित घरातूनच, बाहेर पडतील. समोर एखादी चिरडूही नका, तिच्या विषाच्या वासाने बाकीच्या धावून येतात. जिना पोरांना बंद करा आणि अंगभर पोशाख घालून काम करणारा जाणकार माणूस बोलवा. इथे मी मारायच्याच बाजूचा.

सरळ_बोलतो (९:२०)

अखेर!

छज्जेवाली (२४ मे, रात्री १०:३०)

पहिला बोलावला तो चप्पल घालून, हातात पिचकारी घेऊन आला, त्याला खालूनच परत पाठवला. दुसरा नीट पोशाखात आला. अंधार पडल्यावर फटीत भुकटी मारली, दोन दिवसांनी येऊन सामसूम बघितली आणि मगच चुना-सिमेंट भरलं. नणंद उद्या येतेय, जिना मोकळा.

छज्जेवाली (२९ जून, सकाळी ७:५०)

रात्री दणदणीत पाऊस झाला. सकाळी भांड्यावर एकही नाही, कूलर नुसता दमट वारा फेकतोय, बंद केला. छज्ज्याखालचं पोळं आहे तिथेच, थोडं वाढलंय. माझ्या लिंबाच्या कुंडीवरच्या हिरव्या अळ्या मात्र गायब आहेत, त्यांनीच नेल्या असाव्यात. भाच्याला महिनाभरात एकही डसली नाही. मला डसली ती पहिली नि शेवटची.

पोळं आता काढू का?

कीटकवेडा (८:३०)

थंडी पडली की त्या सोडून जातील. मग रिकामं पोळं काढून मुलाला शाळेत न्यायला द्या.