मदत नको होती की नीट दिली नाही?

काहीजण म्हणतात की २००८ ला अमेरिकेत गृहकर्जं बुडून मंदी आली, त्यानंतर तिथल्या सरकारने घरांच्या बाजारात पडायलाच नको होतं, ज्याने कर्ज काढलं त्याने फेडावं. मला हे अजिबात पटत नाही. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात तिथल्या सरकारी महामंडळाने सावकारांना बाँड देऊन थकलेली कर्जं सरळ स्वतःकडे घेतली, साधारण दहा लाख घरांची, आणि पाच टक्के व्याजाने पंधरा वर्षांचे हप्ते बांधून दिले. तरीही बऱ्याच जणांची घरं गेलीच, पण बहुतेकांची वाचली, आणि १९५१ ला ते गुंडाळलं तेव्हा सरकारला तोटा पण झाला नव्हता. २००९ च्या अमेरिकन सरकारच्या योजनेत मात्र कर्ज बँकेकडेच राहिलं, सरकारने फक्त हप्ता कमी करायला बक्षिसी ठेवली, मग वसुली कंपन्यांनी लोकांकडून तेच तेच कागद परत परत मागितले आणि ३०-४० लाख घरांचं उद्दिष्ट निम्म्यावरच अडकलं.

आपल्याकडं पण तेच. आमच्या गल्लीतला एकजण शिरोलीच्या फौंड्रीत कामाला, ओव्हरटाइम बंद झाला आणि घरकर्जाचे हप्ते तटले. सरफेसीची, म्हणजे थकलेल्या कर्जापायी बँकेला कोर्टात न जाता घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, साठ दिवसांची नोटीस आली, नंतर दारावर ताब्याचा कागद चिकटवला. पगाराच्या स्लिपा घेऊन बँकेत गेला, हप्ता कमी करून मुदत वाढवा एवढंच मागणं, तर शाखेत म्हणाले फाईल वर गेलीय, आमच्या हातात काय नाही. वर म्हणजे कुठं, ते कुणीच सांगेना. फेडायची तयारी असलेल्या माणसाला हो किंवा नाही म्हणणारा कुणीतरी समोर पाहिजे की नको?