.२२३ रायफलमध्ये ६९ ग्रेन वजनाच्या गोळ्या आडव्या लागताहेत, चुकतंय कुठे?

ऑस्टिनचा_आबा
राम राम मंडळी. इथे रीलोडिंगवाले, म्हणजे घरी काडतुसं भरणारे, दोनचार जण आहेत म्हणून विचारतोय. मी टेक्सासात ऑस्टिनजवळ राहतो, मागच्या दिवाळीच्या सुमारास एक जुनी बोल्ट ॲक्शन .२२३ घेतली, मित्राच्या रँचवर रानडुकरं फार झालीत, एका रात्रीत शेताची नांगरट करून ठेवतात, त्यासाठी. यंदाच्या उन्हाळ्यात काडतुसं घरी भरायला लागलो. ५५ ग्रेनची साधी सपाट बुडाची गोळी, १०० यार्डावर पाच गोळ्यांची भोकं सव्वा इंचात, मी खूष. मग डोक्यात किडा शिरला की जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही म्हणजे ती जास्त नेमकी लागणार, शिवाय डुकराला वजन बरंच की. दुकानात काउंटरवरचा म्हणाला ६९ ग्रेन घे, सगळे तीच मारतात. घेतली १०० ची पेटी. मॅन्युअलमधला सगळ्यात खालचा लोड, म्हणजे पावडरचं सगळ्यात कमी माप, धरून भरल्या.

निकाल: पाच गोळ्या साडेचार इंचात, आणि त्यातली दोन भोकं गोल नाहीतच, लांबट, एकाला तर चक्क गोळीचा आडवा छाप आलाय. असे तीन ग्रुप मारले, तिन्ही तसेच. वाटलं गोळ्यांच्या वजनात फरक असेल, म्हणून दोन रात्री काट्यावर बसून उरलेल्या सगळ्या तोलल्या आणि दशांश ग्रेनच्या फरकाने वेगवेगळ्या डब्यांत टाकल्या. बायको म्हणाली, सोनाराकडे नोकरी लागली का. उपयोग शून्य. आता पावडर थोडी वाढवून बघू का? की बॅरलच गेलंय?

कोलोरॅडोकाका
आबा, पावडरला हात लावू नकोस, आधी हे वाच. बॅरल गेलं असतं तर ५५ पण सव्वा इंचात आली नसती. तुझी गोळी आडवी होतेय कारण तिला पुरेशी भिंगरी मिळत नाहीये. जुनी .२२३ म्हणजे ट्विस्ट बहुतेक १:१२, म्हणजे बॅरलमधल्या आट्यांचा एक पूर्ण फेरा १२ इंचात. त्यात ५५ छान चालते. ६९ ला १:१० तरी लागतो, १:९ किंवा १:८ असेल तर निवांत.

मोजून बघ, दहा मिनिटांचं काम आहे. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. क्लिनिंग रॉडची मूठ बेअरिंगवर फिरणारी पाहिजे, नाहीतर रॉड आट्यांबरोबर फिरणार नाही आणि माप चुकेल. टोकाला घट्ट बसेल असं फडकं लाव, थोडं आत ढकल, रॉडवर वरच्या बाजूला पेनने खूण कर आणि बॅरलच्या तोंडाशी रॉडवरच चिकटपट्टी लाव. आता सावकाश ढकलत जा, खूण पूर्ण फिरून परत वर आली की दुसरी चिकटपट्टी. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे ट्विस्ट. तीनदा कर, फडकं घसरलं की आकडा खोटा येतो.

आणि ही चूक करणारा तू पहिला नाहीस, खुद्द रेमिंग्टन या बंदूक कंपनीने केलीय. १९५५ ला विंचेस्टरने .२४३ काढली आणि त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४. दोन्ही ६ मिमीच्या, उलट रेमिंग्टनच्या केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांडीत, पावडर कणभर जास्तच मावायची. पण विंचेस्टरने ट्विस्ट दिला १:१०, १०० ग्रेनची गोळी आरामात, म्हणजे कोल्हाही आणि हरीणही. रेमिंग्टनला वाटलं लोक छोट्या प्राण्यांसाठीच घेणार, म्हणून १:१२, आणि ९० ग्रेनच्या वर भरवसा नाही. गिऱ्हाईक सगळं विंचेस्टरकडे गेलं. १९६३ ला रेमिंग्टनने तीच केस ६ मिमी रेमिंग्टन नावाने १:९ ट्विस्ट देऊन परत आणली, पण तोवर बाजार हातचा गेला होता.

चौकोनी_भोवरा
काकांच्या म्हणण्यात एक भर. तुम्ही सगळे वजन वजन करताय पण बॅरलला वजन कळतच नाही, लांबी कळते. वजन वाढलं की लांबी वाढते कारण जाडी तर .२२४ इंचच ठेवायचीय, म्हणून लोक सोयीने वजन बोलतात. उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकन लष्कर. सुरुवातीच्या एम१६ रायफलला ५५ ग्रेन आणि १:१२. पुढे ६२ ग्रेनची गोळी आली आणि ट्विस्ट थेट १:७ झाला. ६२ ला एवढा कशाला? तर बरोबरची ट्रेसर गोळी होती, वजन जेमतेम ६४ ग्रेन पण मागे जळणारा मसाला भरलेला म्हणून लांबी भरपूर, तिला सरळ ठेवायला १:७ लागला.

हिशोब जुनाच आहे. इंग्लंडात वूलिचला तोफखान्याच्या लोकांना गणित शिकवणाऱ्या ग्रीनहिलने १८७९ मध्ये मांडलेला, गोळीच्या व्यासाचा वर्ग गुणिले १५० भागिले लांबी, सगळं इंचात, आणि वेग सेकंदाला २८०० फुटांच्या वर असेल तर १५० च्या जागी १८० घेतात. तुझी ६९ ची गोळी कॅलिपरने मोज, ०.९ इंचाच्या आसपास येईल. ०.२२४ चा वर्ग ०.०५, गुणिले १८० म्हणजे ९, भागिले ०.९, उत्तर १०. काका १:१० म्हणाले ते उगाच नाही. १:१२ मध्ये बसणारी लांबी पाऊण इंचाची निघते आणि ५५ ची सपाट बुडाची गोळी साधारण तेवढीच असते.

पावडर वाढवून का भागणार नाही तेही सांगतो. ३२०० फूट वेग आणि फुटाला एक फेरा म्हणजे सेकंदाला ३२०० फेरे, मिनिटाला १ लाख ९२ हजार. शंभर फूट वेग वाढवलास तर फेरे ३ टक्क्यांनी वाढतात, तुला १:१२ वरून १:१० इतकी भिंगरी गाठायला हवेत २० टक्के. दोरी आखूड असलेला भोवरा कितीही जोरात फेकला तरी डुगडुगतोच, तसलं आहे हे. त्यात जड गोळीला प्रेशर आधीच जास्त, ५५ चा पावडरचा आकडा ६९ ला कधीच चालवायचा नाही. प्रत्येक गोळीला तिचा स्वतःचा डेटा, खालून सुरुवात.

करवीर_नेमबाज
आम्ही इकडं कोल्हापुरात .२२ रिमफायर मारतो, आमच्यात रीलोडिंग हा विषयच नाही भावा, काडतूस जसं येतं तसं मारायचं. गोळी ४० ग्रेन, ट्विस्ट सगळ्यांचा १:१६, वजन ट्विस्ट काय बदलायचं नाही. तरी एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्ये जमीन अस्मानाचा फरक येतो म्हणून मोठी पोरं रायफल शिकंजात अडकवून लॉट टेस्ट करतात आणि जमलेला लॉट पेट्यांनी उचलतात. कळीचा मुद्दा, ग्रुप दहा गोळ्यांचा बघतात. तीन गोळ्यांचा ग्रुप कुणाचाबी नशिबानं एका भोकात जातो, गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठाच होणार, लहान कधी होत नाही. तुमचा तो सव्वा इंच पण दहाचा मारून बघा आधी, मग खूष व्हा 😀

आणि तोलायचंच असेल तर गंमत सांगतो, जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. तुमच्या ५५ च्या सव्वातीन गोळ्या झाल्या की तोळा भरला. वहिनींचं सोनाराचं बोलणं अगदीच चुकीचं नाही.

निव्वळ_वाचक
एवढं गणित, एवढा खर्च, आणि शेवटी एक डुक्कर? 🙏

कोलोरॅडोकाका
वाचकराव, टेक्सासात डुकरं हा शेतकऱ्याच्या पोटावरचा पाय आहे, तिथे खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर २०१९ पासून शिकारीचं लायसन्ससुद्धा लागत नाही. पण तुमचा प्रश्न मला एका अर्थी पटतो. आबा, तुझी ६९ सारखी मॅच गोळी, म्हणजे स्पर्धेची, कागदासाठी असते. प्राण्याच्या अंगात ती कशी उघडेल याचा भरवसा नाही, नुसती आरपार गेली तर जनावर जखमी होऊन झाडीत मरतं. डुकराला सॉफ्ट पॉइंट, म्हणजे अंगात उघडणारी मऊ टोकाची गोळी, वापर. तशीही .२२३ डुकराला काठावरचीच, आमच्याकडे कोलोरॅडोत हरीण आणि एल्कला .२४ इंच जाडीच्या खाली कायद्यानेच चालत नाही. कानामागे नीट मारायची हिंमत असेल तरच मार, नाहीतर बोट ट्रिगरवरून काढ. वाऱ्याचं म्हणशील तर तू मारणार १०० यार्डाच्या आत, तिथे ५५ आणि ६९ मधला वाऱ्याचा फरक तुझ्या हाताच्या थरथरीत लपून जातो.

ऑस्टिनचा_आबा
मोजलं! तीनदा. पहिल्यांदा पावणेबारा आलं (फडकं सैल होतं), नंतर दोन्ही वेळा बारा. गोळीपण मोजली, ०.८९ आणि काहीतरी. म्हणजे काउंटरवरच्याचं चुकलं नाही, त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. बॅरलवर ट्विस्ट कोरलेला नाहीये, म्हणून मला शंकाच आली नाही.

शनिवारी ५५ ची सॉफ्ट पॉइंट भरून नेली, मॅन्युअलमधून नवीन डेटा बघून, खालून चढत. करवीरभाऊंचं ऐकून दहाचा ग्रुप मारला. पावणेदोन इंच. सव्वा इंचाची मिजास उतरली पण भोकं सगळी गोल, एकही आडवं नाही. दहातल्या दोन मी ओढल्या, म्हणजे ट्रिगरला झटका देऊन चुकवल्या, हे मला मारतानाच कळलं होतं, त्या धरायच्या की नाही?

करवीर_नेमबाज
धरायच्या. डुक्कर विचारत नाही ओढली का म्हणून.

ऑस्टिनचा_आबा
😂 बरं. ६९ ग्रेनच्या ८५ गोळ्या उरल्यात, डॅलस ह्यूस्टनकडे कोणाकडे १:९ किंवा १:८ असेल तर घेऊन जा, चहा पाजून देईन. दशांश ग्रेनपर्यंत निवडलेल्या आहेत, डब्यांवर चिठ्ठ्यापण लावल्यात.