क्योतोच्या तोजी मंदिरातील २१ तारखेचा बाजार: जुन्या वस्तू कशा पारखाव्यात?

आकाशकंदील

नमस्कार. नोव्हेंबरमध्ये आई आणि मी जपानला जात आहोत. २१ तारखेला आम्ही क्योतोत असू. त्या दिवशी तोजी मंदिराच्या आवारात भरणाऱ्या बाजारातून आईला निळ्या नक्षीच्या जुन्या बश्या घ्यायच्या आहेत आणि मला हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचा आखूड अंगरखा. जुनी म्हणून विकली जाणारी वस्तू खरोखरच जुनी आहे हे आमच्यासारख्या नवख्यांनी कसे ओळखावे? तिथे घासाघीस करणे असभ्य समजले जाते का?

कामोकाठचा रहिवासी

क्योतोत राहत असल्यामुळे या बाजाराला माझी बरेचदा फेरी होते. तोजी मंदिर ज्यांच्याकडे सोपवले गेले होते ते कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, इ.स. ८३५ मध्ये तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला निवर्तले, म्हणून दर महिन्याच्या २१ तारखेला हा बाजार भरतो आणि इथले लोक त्याला आपुलकीने ‘कोबो-सान’ म्हणतात. वार कोणताही असो, तारीख बदलत नाही. क्योतो स्थानकापासून पायी पंधरा-वीस मिनिटे लागतात. सकाळी लवकर पोहोचा, कारण दहानंतर गर्दीत बशी उलटी करून पाहण्याएवढीही जागा उरत नाही.

आणि बशी उलटी करून पाहायचीच असते. तुमच्या आईंना बहुधा ज्या बश्या आवडतील त्या ‘इनबान’ प्रकारच्या, म्हणजे हाताने न रंगवता कागदी साच्याने किंवा छापील कागदाने नक्षी उठवलेल्या असतात. मेइजी काळात (१८६८ ते १९१२) त्या घराघरांत पोहोचल्या. सपाट कागद खोलगट बशीवर बसवताना कडा नीट जुळत नाहीत, त्यामुळे वेल मध्येच तुटते किंवा एक पान दुसऱ्यावर चढते. हा सांधा सापडला म्हणजे बशी छापाची आहे हे नक्की. भट्टीत बशीखाली लावलेल्या टेकूंचे बारीक ठिपकेही अनेक बश्यांवर दिसतात. निळा रंग भडक, किंचित जांभळट असेल तर तो बहुधा मेइजी काळात बाहेरून येऊ लागलेल्या कोबाल्टचा असतो. त्याआधीचा निळा शांत, करडा दिसतो. मला स्वतःला ते चुकलेले सांधेच अधिक आवडतात, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे.

उभा-आडवा धागा

हाओरी घेताना तो आतून उलटून पाहा. पुरुषांचा हाओरी बाहेरून साधा काळा किंवा तपकिरी असतो आणि आतल्या रेशमी अस्तरावर मात्र डोंगर, बहिरी ससाणा किंवा अख्खा देखावा रंगवलेला सापडतो. काखेतले पिवळे डाग आणि घडीवर विरलेले रेशीम उजेडात नेऊन तपासा, कारण तंबूच्या सावलीत दोन्ही लपतात. मानेच्या मधोमधपासून मनगटापर्यंतचे माप घरूनच घेऊन जा. जुने कपडे आखूड बाह्यांचे असतात आणि अंगावर चढवून पाहण्याची सोय सगळीकडे नसते. किमोनोचे कापड जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर पन्ह्याचे असते आणि शिवण जवळजवळ सगळी सरळ असते, त्यामुळे तो उसवला तर पुन्हा पट्टे हाती येतात. फाटका पण चांगल्या विणीचा किमोनो म्हणूनच टाकाऊ समजू नये.

घासाघीस चालते, पण आपल्यासारखी निम्म्यापासून सुरुवात करू नये. दोन-तीन वस्तू एकत्र काढून ‘सुकोशि यासुकु नारिमासेन का’, म्हणजे ‘थोडे कमी होईल का’, एवढे एकदाच विचारावे. विक्रेता मानेने नाही म्हणाला तर विषय तिथेच संपतो. सुटे येन जवळ असू द्यावेत.

लाखेचा वाडगा

एक सावधगिरी सांगतो. या बाजारातून मी लाखकामाचा लाकडी वाडगा नागपूरला आणला आणि पहिल्याच मे महिन्यात, कूलरही नसलेल्या खोलीत, त्याला काठापासून तळापर्यंत तडा गेला. दमट हवेत जन्मलेली ती वस्तू आमच्या उन्हाळ्यात टिकली नाही. हस्तिदंताच्या वस्तू कितीही जुन्या आणि स्वस्त मिळाल्या तरी घेऊ नका. त्या परवान्याविना सीमेपलीकडे नेता येत नाहीत.

खरेदी उरकल्यावर तिकीट काढून मंदिराच्या व्याख्यानगृहात अवश्य जा. तिथे हंसांवर बसलेले बोन्तेन आणि हत्तीवर आरूढ झालेले ताइशाकुतेन या नवव्या शतकातल्या मूर्ती आहेत. ते आपलेच ब्रह्मदेव आणि इंद्र होत.

आकाशकंदील

सर्वांचे मनापासून आभार. २५ तारखेला आम्ही ओसाकात असू. त्या दिवशीच्या कितानो तेनमानगूच्या बाजारासाठी पुन्हा क्योतोला यावे का?

कामोकाठचा रहिवासी

जलद गाडीने ओसाकाहून क्योतो स्थानक अर्ध्या तासावर आहे, पण तिथून मंदिरापर्यंत बसने आणखी अर्धा तास धरा. तोजीला बश्या मनासारख्या मिळाल्या तर येऊ नका. नाही मिळाल्या तर त्या सकाळी पहिल्या गाडीने या.